मागणंही, सोपवणंही

चिंचवडहून एका ताईंनी विचारलं आहे. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे, झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, प्रतीक्षायादीत नाव लागलेलं आहे. सासूबाई म्हणतात, देवाशी इतका हट्ट करू नये, त्याच्या मनात असेल तसं होईल. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने घरच्या प्रार्थनासभेत ठणकावून सांगितलं की "तुझी इच्छा असेल तर" असं म्हणणं हाच अविश्वास. बरे झालो अशी कबुली द्या, ईस्टरपर्यंत मशीन सुटेल. ताई विचारतात: या दोघांत खरं कोण? किडनी मिळावी अशी प्रार्थना करणं म्हणजे कुणाचं तरी मरण मागणं नाही का? आणि मी माझी किडनी दिली, तर देवाच्या इच्छेत ढवळाढवळ होईल का?

ताई, आधी एकच गोष्ट, बाकीचं नंतर. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. पण पुण्यात पाळकीची बरीच वर्षं दवाखान्यांच्या बाकड्यांवर काढल्यावर मला एवढं कळतं, की "मशीन सुटेल" हे ऐकल्यावर पेशंटच्या मनात "या शुक्रवारी नाहीच गेलो तर?" हा विचार येऊन जातो. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. त्याला विश्वासाची परीक्षा म्हणायचं कारण नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, रडून प्रार्थना केली, आणि देवाने त्याचं आयुष्य १५ वर्षांनी वाढवलं. पण त्याच प्रसंगात यशया संदेष्टा अंजिरांचं पोटीस आणून गळवावर बांधायला सांगतो. वचन देवाचं आणि उपचार अंजिराचा, दोन्ही एकाच खोलीत. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकलाही पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. तेव्हा मशीन हे देवाच्या विरोधात उभं आहे, हे डोक्यातून काढून टाका.

आता प्रचारकांबद्दल. मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुमची इच्छा असेल तर मला शुद्ध करायला तुम्ही समर्थ आहात. तुमच्याकडच्या प्रचारकांनी ज्याला अविश्वास म्हटलं, नेमकं तेच. येशूने त्याला झिडकारलं नाही. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याला हात लावला आणि म्हणाला, माझी इच्छा आहे. यावर प्रचारक म्हणतील, बघा, बरं करण्याचीच इच्छा आहे ना! त्या माणसाबाबत होती, त्या दिवशी होती, आणि आजही असू शकते. म्हणूनच तर आपण मागतो. पण तिचा नियम करून पेशंटच्या उशाशी टांगायला पवित्र शास्त्र परवानगी देत नाही. ज्या पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, तोच तीमथ्याला लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. एवढंच. त्रफिमचा विश्वास कमी पडला असं एक अक्षर नाही. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. उत्तर आलं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" असं. आणि प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय एकदा शांतपणे वाचा. हेरोद राजा याकोब या प्रेषिताला तलवारीने मारतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. पेत्रासाठी मंडळी रात्रभर प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळतात. पेत्र सुटतो, याकोब जातो. अध्याय एकच, मंडळीही एकच. याकोबासाठी कुणी कमी तळमळलं असेल असं मला वाटत नाही. लूक त्याचं कारण सांगत नाही, आणि जे लूकने सांगितलं नाही ते मी चिंचवडला येऊन सांगू शकत नाही.

"ईस्टरपर्यंत" या शब्दाने मात्र मला खरंच राग आला. तुमच्या फ्रिजवर वॉचनाईटला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, मिळालेलं वचनाचं कार्ड लावलंय असं तुम्ही लिहिलंत: यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. पुण्यातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांत ते कार्ड किंवा कॅलेंडर असेल. त्याच्या आधीचा अध्याय कुणी छापत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचं जू मोडेल, त्याने नेलेली मंदिराची भांडी आणि बंदी केलेले लोक परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे इच्छा त्याचीही तीच होती. पण मग देव त्याच्याकडून वदवतो की हनन्याने लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलं. आणि तुमच्या कार्डावरच्या वचनाच्या अगदी आधीची ओळ काय आहे? बाबेलच्या बंदिवासात ७० वर्षं. त्याही आधी: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बरेचजण परतीचा दिवस न बघताच गेले असणार. तरी त्यांच्याविषयी देवाचे संकल्प हिताचेच होते. कार्ड काढू नका. पण ज्याला तारीख माहीत आहे असा देवाचा माणूस दारात आला, तर हनन्या आठवा.

सासूबाईंचं म्हणणं वरकरणी जास्त भक्तीचं वाटतं, म्हणून त्यावर जास्त बोलावं लागेल.

"देवाच्या मनात असेल तसं" हे वाक्य आपल्याकडे ख्रिस्ती घरांतही पुष्कळदा नशिबाच्या चालीवर म्हटलं जातं. त्यात देवाशी बोलणं नसतं, देवापुढे गप्प बसणं असतं. मागितलंच नाही तर "नाही" ऐकावं लागत नाही, हा त्यातला छुपा हिशोब. मी सासूबाईंना दोष देत नाही, ताई. मुलगा त्यांचा आहे. ज्या आईने मनात काय काय मागून झालं असेल, तिला आता मोठ्याने मागायची भीती वाटत असेल, तर ते समजण्यासारखं आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्यांचा सल्ला म्हणून घेऊही नका, कारण येशूने तसं केलं नाही.

गेथशेमानेच्या बागेत येशू काय म्हणाला ते आपल्याला पाठ आहे. इतकं पाठ, की पहिला अर्धा भाग आपण गिळूनच टाकतो. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" एवढंच लक्षात राहतं. त्याच्या आधी तो म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. साधं, सरळ मागणं: नको आहे मला हे. आणि एकदा म्हणून, सोपवून, मोकळा होऊन उठला असंही नाही. उठला, शिष्यांकडे गेला, ते झोपलेले, परत आला, परत तेच म्हणाला. मत्तय स्पष्ट लिहितो की तिसऱ्यांदाही त्याच शब्दांत. इब्री लोकांस पत्र तर सांगतं की त्याने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत विनंत्या केल्या. देवाच्या पुत्राला "इतका हट्ट करू नये" असं कुणी म्हटलेलं नाही. त्याच ठिकाणी हेही लिहिलंय की त्याचं ऐकलं गेलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी क्रूस होता. हे दोन्ही एकत्र कसं धरायचं यावर माझ्याकडे गणितासारखं उत्तर नाही. लूक एवढं सांगतो की स्वर्गातून दूत आला आणि त्याने त्याला शक्ती दिली. प्याला हलला नाही; तो पिणाऱ्याला बळ मिळालं. डायलिसिस वॉर्डबाहेर बसलेल्या माणसांबरोबर मी बहुतेक वेळा याच एका ओळीवर थांबतो.

तेव्हा मागणं हे सोपवण्याच्या आड येत नाही. उलट, न मागितलेली गोष्ट सोपवणार कशी? ओंजळीत काही नसेल तर ती उघडून दाखवण्यात काय अर्थ? प्रभूच्या प्रार्थनेतही "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटल्यावर लगेच रोजची भाकर मागायला शिकवलंय. देवाची इच्छा एकदा कबूल केली की पोटाबद्दल बोलायचं नाही, असं येशूला वाटलं नाही.

त्यामुळे तुम्ही प्रार्थना करताना गोल गोल बोलू नका. आपल्या सभांमध्ये "जगातल्या सर्व आजाऱ्यांना तुझ्या पवित्र हाती देतो" अशी मोठी, गुळगुळीत वाक्यं म्हणायची सवय लागली आहे. त्यात काही चूक नाही, पण त्यामागे लपता येतं. तुम्ही नाव घेऊन मागा. आज फिस्टुलात, डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या त्या शिरेत, सुई पहिल्या फटक्यात लागू दे. मध्येच बीपी पडू देऊ नको. दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी त्यांना दुपारपर्यंतच संपवू देऊ नको, आणि संपलं तर माझ्या तोंडून टोचून बोलणं निघू देऊ नको. किडनी मिळू दे. मला नवरा हवा आहे. असं सगळं बोलून झाल्यावर "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणा. मनापासून म्हणता येत नसेल त्या दिवशी तेही सांगा, की आज हे म्हणवत नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते इस्राएलच्या भजनांत राहिलं. देवाला ते काढून टाकावंसं वाटलं नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे राहिल्या. रमाबाई पैशासाठी, धान्यासाठी, पाण्यासाठी अक्षरशः गुडघ्यांवर असायच्या. आणि त्याच बाईंनी विहिरी खोदून घेतल्या, शेती केली, छापखाना चालवला. पाणी देवाकडे मागितलंय म्हणून कुदळ ठेवून दिली नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या खांद्यावर पुढचं सगळं ठेवायचं होतं, ती १९२१ मध्ये गेली. आईच्या आधी. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम त्या करतच होत्या. मनोरमेसाठी त्या माउलीने प्रार्थना केली नसेल? केडगावला आजही गेलात तर कुणी तुम्हाला सांगणार नाही की रमाबाईंचा विश्वास कमी पडला.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कुणी मोठ्याने विचारत नाही. यादीत नाव असलेल्या कितीतरी घरांत हे चालू असतं. रस्त्यावर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की नजर मोबाईलकडे जाते. हायवेवरच्या अपघाताची बातमी वाचताना रक्तगट कोणता असेल असा विचार चमकून जातो, आणि मग स्वतःचीच किळस येते. तुम्ही लिहिलंत, "मी प्रार्थनेला बसते आणि डोळ्यांसमोर कुणाचा तरी तरणाताठा मुलगा येतो." ताई, हे तुमचं मन जिवंत असल्याचं लक्षण आहे. पण तुम्ही मरण मागत नाही आहात. ते मरण तुमच्या प्रार्थनेमुळे येत नाही आणि तुम्ही गप्प बसल्याने टळत नाही. मेंदूमृत्यू ठरवणारे चार डॉक्टर असतात, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात, आणि प्रत्यारोपण करणारा गट त्या निर्णयात नसतो. तिथपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यानंतर दवाखान्याचा प्रत्यारोपण समन्वयक त्या घरच्यांसमोर बसून अवयव द्याल का असं विचारतो. तुमची प्रार्थना त्या क्षणासाठी आहे: आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री त्या आईबापांना "हो" म्हणायचं बळ मिळावं, आणि त्यांनी "नाही" म्हटलं तरी त्यांना सांत्वन मिळावं.

मी तुम्हाला एक सुचवतो, पटलं तर करा. त्या अनोळखी घरासाठी आत्तापासूनच प्रार्थना करायला लागा. त्यांचा तरुण मुलगा रस्त्यावरून सुरक्षित घरी येऊ दे, हेल्मेट घालून जाऊ दे, हेही मागा. हे तुमच्या मागणीच्या उलट आहे असं वाटेल. असू दे. दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी एकाच देवासमोर ठेवता येतात, आणि त्यांचं काय करायचं ते त्याच्याकडे सोडता येतं. देवाची इच्छा मान्य करणं म्हणतात ते मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं: आपल्या भल्याची किंमत दुसऱ्याने मोजावी असं न मागता, तरीही मागत राहणं. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने हे केलं. त्यांना अवयव मिळाला की नाही हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुम्ही त्या प्रार्थनेचा निकाल त्यावरून लावाल.

जुन्या पिढीतल्या काहींना अजून वाटतं की पुनरुत्थानाच्या दिवशी देह अख्खा लागेल, म्हणून अवयव देऊ नयेत. जो देव धुळीतून उठवतो त्याला एका किडनीची अडचण येणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही २००० साली रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेत अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटलं होतं. एवढं पुरे.

आता तुमची स्वतःची किडनी. देणं हा देवाच्या इच्छेत हस्तक्षेप नाही; आजारी माणसाला प्रेमाने वाचवायचा प्रयत्न करणं त्याच्या इच्छेविरुद्ध कसं असेल? पण नाण्याची दुसरी बाजू कुणी तुम्हाला सांगत नसेल म्हणून मी सांगतो. न देणं हेही पाप नाही. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे. त्यातल्या काहींनी ओसंडून प्रेमाने दिली, आणि काहींना नकार द्यायला जागाच नव्हती. "पत्नीने ख्रिस्तासारखं अर्पण व्हावं" असं एखाद्याने सभेत म्हटलं, तर त्याला विचारा, त्याने कुणाला दिली आहे का. ख्रिस्ताने आपला जीव स्वतः दिला, कुणी त्याच्याकडून काढून घेतला नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःच तसं म्हणतो. जबरदस्तीने घेतलेलं अर्पण हे अर्पणच नाही. १९९४ च्या कायद्याप्रमाणे पती-पत्नी जवळच्या नातेवाइकांत येतात, त्यामुळे कागदपत्रांचा मार्ग सोपा आहे. पण आधी तुमच्या तपासण्या, साखर, बीपी, रक्तगट. जुळलं नाही तर दुसऱ्या जोडप्याबरोबर अदलाबदलीचीही सोय कायद्यात आहे, त्याबद्दल समन्वयकाला विचारा. आणि डॉक्टरांशी एकदा एकटीने बोला, नवरा आणि सासूबाई बाहेर असताना. तिथे तुमच्या तोंडून जे पहिलं निघेल ते ऐका.

चिन्ह मागत बसू नका. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ म्हणजे देवाची इच्छा, हा प्रकार मी बऱ्याच शहाण्या माणसांना करताना पाहिलाय. गिदोनाने देवाकडून चिन्ह मिळावं म्हणून रात्री लोकर ठेवली होती हे खरं, पण आज्ञा त्याला आधीच मिळालेली होती आणि तो घाबरला होता. तपासणीचा रिपोर्ट, तुमच्या दोन मुलांची वयं, घरात कमावणारं कोण, तुमच्या मनातली भीती आणि प्रेम, हे सगळं देवासमोर ठेवून विचार करणं हीच प्रार्थना आहे. त्यातून घेतलेला निर्णय कोणताही असला, तरी देव तुमचा हात सोडणार नाही. तुम्ही "नाही" म्हटलंत आणि पुढे काही वाईट घडलं, तरीसुद्धा.

ते घडू शकतं. मी ते टाळून लिहिलं तर मीही हनन्याच्याच पंगतीत बसेन. बाबेलच्या भट्टीसमोर उभे राहिलेले तिघे राजाला म्हणाले होते, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो; आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते "नाही सोडवलं तरी" तुम्हाला आज म्हणता आलं पाहिजे असं नाही. ते लोकही भट्टी समोर पेटलेली असतानाच म्हणाले, वर्षभर आधी सराव करून नाही.

राहिली मंडळी. भेटायला येणारे प्रेमाने नारळपाणी आणि केळी आणतात, आणि डायलिसिसच्या पेशंटला नेमकी तीच चालत नाहीत, पोटॅशियममुळे. तुमच्या पाळकांना रविवारी उपासनेनंतर सूचनांमध्ये हे सांगायला लावा, लाजू नका. नवऱ्याला उपास-प्रार्थनेत बसवू नका. तुम्ही उपास करायचा असेल तर डायलिसिसच्या दिवशी नको, त्या दिवशी तुम्हाला ताकद लागते. प्रार्थनाविनंतीच्या ग्रुपवर "प्रार्थना करा" एवढंच न लिहिता लिहा की मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी कुणाची गाडी आहे का, आणि ते चार तास बाहेर माझ्याबरोबर कोण बसेल. बसणाऱ्याने बोललंच पाहिजे असं नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस नुसते जमिनीवर बसले होते, तोपर्यंत त्यांचं बरोबर चाललं होतं. सासूबाईंनाही एखाद्या गुरुवारी बरोबर न्या. वॉर्डच्या दारातून आत बघितल्यावर त्या काय मागतात ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.